घासलेले परत येत नाही

“हे काम घरी होणार नाही का?” असा प्रश्न ज्या घरात विचारला जातो, त्या घराविषयी आम्हांला पहिल्यापासून आदर आहे. आपली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिली. मूळ गाव दूर, भाऊबंद दूर. तेव्हा प्रत्येक गोष्टीला आपणच हात घालून पाहण्याची सवय वाडवडिलांना लागली आणि ती वारशाने आपल्याकडे आली. या सदरातूनही आम्ही आजवर घरच्या हाताचीच बाजू घेत आलो आहोत. नळाचा वायसर, शिवणयंत्राचा पट्टा, खुर्चीचे वेत, यांसाठी माणूस बोलावण्यापूर्वी एकदा स्वतः पाहावे, असे आम्ही वेळोवेळी लिहिले. या महिन्यात मात्र त्या बाजूला एक मर्यादा घालावयाची आहे. ती मर्यादा आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. एका चुकीने शिकलो, आणि ती चूक आमचीच होती.

आमचे थोरले बंधू आता नाहीत. त्यांनी १९८२ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी मात्र आहे. आमच्या वाचकांपैकी जे साठीच्या पुढे आहेत, त्यांना या गाडीची ओळख करून देण्याची गरज नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्यावरून ही गाडी तयार होत असे. प्रथम तिला लोक फियाटच म्हणत. ‘पद्मिनी’ हे नाव सत्तरीच्या दशकात आले. उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले आणि मुंबईच्या रस्त्यांवरून या जातीच्या शेवटच्या टॅक्सीने २०२३च्या ऑक्टोबरात निरोप घेतला. म्हणजे आता ज्यांच्याकडे ही गाडी आहे, त्यांच्याकडे ती केवळ वाहन म्हणून नाही. तिचा एखादा भाग बिघडला, तर दुकानातून नवा आणू, असे म्हणण्याचे दिवस गेले.

बंधूंचा नातू अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आजोबांची गाडी त्याने गेल्या उन्हाळ्यात पुन्हा रस्त्यावर आणावयास घेतली. एके दिवशी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “नानाआजोबा, हेड उतरवले आहे. आता उतरवलेच आहे, तर त्याचे पोर्टिंग मीच करतो. बाहेर द्यायचे काय कारण? हात माझे आहेत, ग्राइंडर मित्राचा आहे.” हे वाक्य ऐकताच आमच्या पोटात गोळा आला. का आला, ते पुढे सांगू. प्रथम हे पोर्टिंग म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगितले पाहिजे.

मोटारीचे इंजिन म्हणजे एक प्रकारचा भाता आहे. ते हवा ओढते, तिच्यात पेट्रोलचा फवारा मिसळलेला असतो, ते मिश्रण दाबते, जाळते आणि धूर बाहेर टाकते. पद्मिनीच्या इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८ मि.मी. आणि पिस्टनची फेरी ७५ मि.मी. गुणाकार केला, तर एका सिलिंडरात सुमारे २७२ घन सें.मी. आणि चारही मिळून १०८९ घन सें.मी. भरतात. या सिलिंडरांवर झाकणासारखे बसते ते हेड. पद्मिनीत ते अ‍ॅल्युमिनियमचे आहे. हवा आत येण्याचे आणि धूर बाहेर जाण्याचे मार्ग याच हेडात ओतकामाच्या वेळी ठेवलेले असतात. त्या मार्गांना पोर्ट म्हणतात, आणि प्रत्येक मार्गाच्या टोकाशी व्हॉल्व्हचा दरवाजा असतो. इंजिन मिनिटाला ४८०० फेरे घेत असेल, तर आत घेणारा व्हॉल्व्ह सेकंदाला चाळीस वेळा उघडतो. एकदा उघडला की सेकंदाच्या सुमारे शंभराव्या हिश्श्यातच त्याला सगळा घास घ्यावयाचा असतो. अशा घाईच्या वाटेवर एखादा खडबडीत कंगोरा, ओतकामात राहिलेली पापडी किंवा गॅस्केटची पुढे आलेली कडा असली, तर घास अपुरा पडतो. हे अडथळे काढून मार्गाला योग्य वळण देणे, त्याचे नाव पोर्टिंग.

हे काम हातानेच होते. कारखान्यात घाऊक माल निघतो; तेथे प्रत्येक हेडाच्या प्रत्येक मार्गात बोट घालून पाहावयास कोणाला सवड नसे. म्हणून जुन्या गाड्यांच्या हेडात सुधारणेला वाव असतो, हे नातवाचे म्हणणे खरे होते. दुसरे म्हणजे, हे काम बाहेर दिले, तर त्यातले बहुतेक पैसे कारागिराच्या वेळाचे असतात. वेळ तर त्याच्याकडे भरपूर होता. आणि तिसरे त्याने जे सांगितले, त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते: “आजोबांच्या गाडीला परक्याचा हात लागण्यापेक्षा माझा लागलेला बरा.”

आम्ही त्याला नाही म्हटले नाही. “आधी माझ्याबरोबर देवास गेटला चल” एवढेच म्हणालो.

उज्जैनच्या वाचकांना देवास गेट म्हणजे काय ते सांगावयास नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. रेल्वे स्थानकातून बाहेर पडल्यावर लागलीच येणारा हा भाग. बसगाड्यांचा तळ येथे आला आणि त्याच्यामागोमाग मोटारीच्या कामाची दुकाने आली: टायरवाला, बॅटरीवाला, रेडिएटरला डाग देणारा, खरादवाला. यात्रेकरू बसमधून उतरून महाकालाकडे वळतात आणि बसचा ड्रायव्हर मिस्त्रीकडे वळतो. त्या गल्लीबोळांतून लोखंडाचा, ग्रीसचा आणि चहाचा मिळून एक वास येतो, तो आम्ही कॉलेजात होतो तेव्हापासून तसाच आहे.

तेथे आम्ही दोन ठिकाणी गेलो. पहिल्या ठिकाणी मिस्त्रीने हेड हातात घेतले, उलटेसुलटे केले आणि म्हणाला, “पूरा खोल देंगे, बाबूजी. अंदर शीशा बना देंगे, मुँह दिखेगा.” नातू खूश झाला. आम्ही विचारले, किती खोलणार? त्यावर त्याने हाताने एक मोठे वर्तुळ काढून दाखविले. दुसऱ्या ठिकाणी वयस्क उस्ताद होते. त्यांनी हेडाला हातसुद्धा लावला नाही. चष्म्यावरून पाहत विचारले, “गाड़ी चलानी कहाँ है? रेस में, या घर में?” नातवाने सांगितले की घरच्यांना बसवून इंदूरला जायचे, देवासला जायचे. तेव्हा ते म्हणाले, “तो फिर छेद बड़ा मत करो. सिर्फ़ रास्ता साफ़ करो.”

परत येताना नातवाने आम्हांला विचारले की पहिला जास्त काम करणार, दुसरा कमी. मग दुसरा चांगला कसा? हा प्रश्न पुष्कळांना पडतो, म्हणून त्याचा उलगडा येथे करतो.

मार्ग रुंद केला की जास्त हवा जाणार, हे वरवर पटते. पण आपल्या क्षिप्रेकडे पाहावे. रामघाटापाशी पात्र रुंद आहे, तेथे पाणी संथ. जेथे पात्र आवळते, तेथे तेच पाणी धावते. हवेचेही तसेच. समजा, एखादा मार्ग २८ मि.मी. व्यासाचा आहे आणि आपण तो ३० केला. चोहोबाजूंनी केवळ एकेक मिलिमीटर धातू गेला. परंतु क्षेत्रफळ सुमारे १५ टक्क्यांनी वाढले आणि तितक्याच हवेचा वेग सुमारे १३ टक्क्यांनी उतरला. शर्यतीच्या गाडीचे इंजिन सदैव चढ्या फेऱ्यांवर असते; तिला रुंद मार्ग मानवतो. घरची गाडी गावातून, चढावर, तिसऱ्या गिअरात हळूहळू चालते. तिच्यात हवेचा वेग उतरला, की कार्बुरेटरमधून आलेले पेट्रोलचे थेंब हवेबरोबर न जाता मार्गाच्या भिंतीवर बसतात, मिश्रण बिघडते, गाडी धापा टाकते. लोक मग म्हणतात, पोर्टिंग केले आणि गाडीची ओढ गेली. दोष पोर्टिंगचा नसतो. न मोजता केलेल्या रुंदीचा असतो. आरशासारख्या चकाकीचेही तेच. धूर जाण्याचा मार्ग आणि दहनकक्ष गुळगुळीत असावेत, म्हणजे काजळी कमी धरते. पण हवा आत येण्याच्या मार्गाला किंचित खरबरीतपणा राहू द्यावा. त्याने भिंतीवर बसलेले पेट्रोल पुन्हा हवेत मिसळावयास मदत होते.

हे सगळे आम्ही इतक्या खात्रीने सांगत आहोत, कारण १९८६ साली आम्हांला यांतले काहीही ठाऊक नव्हते.

त्या वर्षी आम्ही चोविशीत होतो. मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर होणाऱ्या शर्यतींची वर्णने वाचून आमचे डोके फिरले होते. तेथे आपल्यासारख्याच फियाट गाड्या कशा धावतात, त्यांचे हेड कसे कोरलेले असते, हे वाचले आणि वाटले, की मानपूरच्या घाटात आपली गाडी जी दमते, ती याच कारणाने. बंधू कामानिमित्त आठ दिवस ग्वाल्हेरला गेले होते. त्यांना चकित करावे म्हणून आम्ही हेड उतरविले आणि हातड्रिलला कानशीचे टोक लावून मार्ग कोरावयास बसलो. मोठे तोंड, मोठा घास, एवढेच आमचे शास्त्र. दोन मार्ग झाले. तिसऱ्यात ड्रिल एकाएकी हलके झाले, जणू लोण्यात शिरले. पाहतो तो ज्वारीच्या दाण्याएवढे काळे छिद्र. मार्गाच्या भिंतीपलीकडे हेड थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट असते, हे आम्हांला तेव्हा समजले. पाण्याच्या वाटेत भोक पडले, की पाणी इंजिनात उतरते. ते हेड संपले.

बंधू आले. आम्ही सगळे सांगितले. ते अंगणात बसले, करंगळीचे टोक त्या छिद्रावर ठेवले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकच विचारले, “पुरे झाले होते, ते तुला कधी कळले?” आम्ही म्हणालो, भोक पडले तेव्हा. ते म्हणाले, “मग पुढच्या वेळी थांबायचे कुठे ते आधी ठरव, आणि नंतर हात लाव.” यापलीकडे ते आम्हांला कधीही काही बोलले नाहीत. मुंबईहून एक जुने हेड मिळविले, त्यासाठी चार महिने गाडी अंगणात उभी होती आणि वहिनींचे बाळंतपणासाठी ठरलेले माहेरी जाणे त्या वर्षी एस.टी.ने झाले. हे आम्हांला आजही विसरता येत नाही.

नातवाला आम्ही ही हकीकत सांगितली, ती वहिनींच्या समोर. त्या ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “भाऊजी, ते हेड माळ्यावर आहे.” आम्हांला ते कधीच ठाऊक नव्हते. घर दोनदा रंगविले, भांडीकुंडी मोडीत गेली, पण बंधूंनी ते टाकू दिले नव्हते. “कशाला ठेवता म्हटले, तर म्हणायचे, उपयोगी पडेल कधीतरी.”

ते उपयोगी पडले. नातवाने ते खाली आणले आणि हॅक्सॉने मार्गाच्या मधोमध उभे कापले. दोन दिवस लागले, दंड दुखले. पण हेडाच्या पोटात काय असते, ते प्रथमच डोळ्यांना दिसले. एका बाजूला भिंत बोटाच्या पेराइतकी जाड, दुसऱ्या बाजूला जाड पुठ्ठ्याएवढी. आणि आमचे छिद्र नेमके पातळ बाजूला. मार्ग व्हॉल्व्हजवळ जेथे खाली वळतो, त्या वळणाची आतली, आखूड बाजू सर्वांत नाजूक. तेथे धातू काढला, तर वळण तीव्र होते आणि हवा भिंत सोडून फेकली जाते. म्हणजे मार्ग रुंद होऊनही हवा कमी जाते. हेच नवशिक्याच्या हाताला सर्वांत सोपे वाटणारे ठिकाण. हे कापलेले हेड आम्ही उस्तादांकडे नेले. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली: ओतकामाच्या वेळी वाळूचा गाभा इकडेतिकडे सरकतो, तेव्हा एका हेडाची जाडी दुसऱ्या हेडाला लागू पडेलच असे नाही. कापलेल्या हेडावरून शिकावे, पण त्याच्या भरवशावर शेवटच्या थरापर्यंत जाऊ नये.

मग कामाची वाटणी झाली. ती येथे सविस्तर देतो, कारण ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांना ती उपयोगी पडेल.

घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. हेड उतरविताना नट कोणत्या क्रमाने सैल केले ते लिहून ठेवणे, प्रत्येक व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग आपापल्या क्रमांकाच्या पुडीत ठेवणे, काजळी काढणे, तेलकटपणा धुणे. यात एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. आपल्या देशात १ फेब्रुवारी २०००पर्यंत शिसेमिश्रित पेट्रोल मिळत असे. त्या काळात चाललेल्या इंजिनाच्या काजळीत शिसे असू शकते. ती कोरडी खरवडून घरात उडवू नये. ओली करून काढावी, तोंडाला मुखपट्टी बांधावी आणि मुलांना त्या अंगणात येऊ देऊ नये. यानंतर मार्गाच्या तोंडाशी गॅस्केट ठेवून, निळी लावून, सुईने रेघ मारावी आणि त्या रेघेच्या आत जी कडा पुढे आली असेल, तेवढीच उतरवावी. ओतकामाची पापडी आणि सांध्याची रेघ काढावी. अ‍ॅल्युमिनियमला मोठ्या दातांचा बर वापरावा आणि तो मधूनमधून रॉकेलमध्ये किंवा मेणात बुडवावा, नाहीतर दात भरून येतात. डोळ्यांना चष्मा पाहिजेच. व्हॉल्व्हच्या सीटला बर चुकूनही लागू देऊ नये. तेथे एक ओरखडा गेला, की काम घराबाहेर गेले. आणि हे सर्व प्रथम मोडीतल्या हेडावर करावे, मग खऱ्यावर.

दुकानात देण्यासारखे काय? ज्या ठिकाणी माप केसाइतके आहे, ते सर्व. व्हॉल्व्हची गाइड बदलणे, सीट कापणे, हेडाचा तळ सपाट करणे. हवेला सर्वांत मोठी अडचण मार्गाच्या मध्यात नसते, सीटच्या मागच्यापुढच्या एकदोन सेंटिमीटरांत असते. म्हणून नीट कापलेली सीट हा पोर्टिंगचा सर्वांत मोलाचा भाग आहे. सीट एकाच कोनात न कापता तीन कोनांत कापतात: मधला ४५ अंशांचा, ज्यावर व्हॉल्व्ह बसतो, आणि त्याच्या दोन्ही अंगांना साधारण ३० व ६० अंशांचे उतार, म्हणजे हवा ठेचकाळत नाही. ही कामे यंत्राशिवाय होत नाहीत. घरी एखाद्याने ती जिद्दीने करावयाची म्हटली, तरी ती जिद्द हेडाला पडते.

दुकान कोणते निवडावे, याविषयीही थोडे सांगतो. काम किती करणार, हे जो सांगतो, त्याच्यापेक्षा गाडी कशासाठी आहे, हे जो विचारतो, त्याच्याकडे जावे. तो काय मोजतो, ते पाहावे. चारही दहनकक्षांत काचेच्या मापनळीने द्रव ओतून त्यांचे आकारमान सारखे आहे का, हे पाहतो का? पाण्याच्या वाटेत दाब देऊन कोठे झिरपते का, हे तपासतो का? हेड परत देताना व्हॉल्व्ह बसवून, त्यात रॉकेल ओतून, खाली थेंब येतो का ते तुमच्यासमोर दाखवितो का? जो हे करतो, त्याची मजुरी जास्त असली तरी ती महाग नाही.

मोजण्यावर आम्ही इतका भर देतो, याला मोठ्यांचा आधार आहे. इंग्लंडात हॅरी वेस्लेक नावाचे गृहस्थ होऊन गेले. ते १९७८ साली वारले. त्यांनी गेल्या शतकाच्या विशीच्या दशकात हेडामधून जाणारी हवा प्रत्यक्ष मोजावयास सुरुवात केली. त्यापूर्वी कारागीर मार्ग कोरीत आणि नशिबावर हवाला ठेवीत. वेस्लेक कोरीत, मोजीत, आणि कोरल्याने हवा कमी झाली तर तसे कबूल करीत. जग्वारच्या गाजलेल्या इंजिनाच्या हेडाला त्यांचा हात लागला होता. ऑस्टिनच्या ज्या घराण्यातले १४८९ घन सें.मी.चे इंजिन पुढे आपल्या अँबॅसडरमध्ये आले, त्या घराण्याच्या दहनकक्षांची आखणीही त्यांचीच. हवा मोजण्याचे असे साधन हौशी माणसे आता घरीही करतात: झाडलोटीचा व्हॅक्यूम क्लीनर आणि पाण्याने भरलेली काचेची वाकडी नळी, एवढ्यावर दोन मार्गांतला फरक कळतो. नातवाने ते केले. त्यामुळे घरच्या कामाला आमचा विरोध आहे, असे कोणी समजू नये. घर की दुकान, हा खरा प्रश्नच नाही. मोजून थांबणारा हात की न मोजता चालणारा हात, हा प्रश्न आहे. आणि न मोजणारा हात दुकानातही असतो, हे आम्ही देवास गेटलाच पाहिले.

आपल्या गावाला हे शिकविण्याची वास्तविक गरज नव्हती. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात क्षिप्रेच्या काठी वेधशाळा उभारली. ती पडझडीला आली, तेव्हा माधवराव शिंदे महाराजांनी १९२३ साली तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या ज्योतिर्गणितज्ञाने तिची देखरेख केली. तेथली दगडी यंत्रे पाहताना आमच्या मनात नेहमी येते, की ज्या पाथरवटांनी ती घडविली, त्यांनी छिन्नी किती वेळा उचलली असेल आणि माप किती वेळा लावले असेल. दगड जास्त गेला, तर सूर्याची सावली खोटे बोलणार. धातूचेही असेच आहे. रंग चुकला, तर पुन्हा देता येतो. शिवण चुकली, तर उसवता येते. घासलेले परत येत नाही. जे काम उसवता येते, ते बेधडक घरी करावे, चुकतच शिकावे. जे उसवता येत नाही, त्यात थांबण्याची खूण आधी मारावी. ती मारता येत नसेल, तर ज्याला येते त्याच्याकडे जावे. त्यात कमीपणा नाही.

जाता जाता आजच्या गाड्यांविषयी एक शब्द. आमच्या बहुतेक वाचकांच्या दारात आता नवी गाडी आहे. तिच्या हेडात आठाचे सोळा व्हॉल्व्ह झाले, कार्बुरेटर गेला, पेट्रोलचे माप संगणक ठरवितो आणि धुराचे नियम कडक आहेत. अशा हेडात घरच्या हाताने मिळविण्यासारखे फारसे उरलेले नाही आणि घालविण्यासारखे पुष्कळ आहे. तिला तिच्या जागी राहू द्यावे. ज्यांचा हात शिवशिवत असेल, त्यांनी मोडीतले एक जुने हेड आणावे आणि त्यावर तो शांत करावा.

आमच्या पद्मिनीचे काय झाले, हे विचारणारे असतीलच. मार्गांची साफसफाई आणि गॅस्केटची जुळणी नातवाने केली. सीट, गाइड आणि तळ उस्तादांनी केले. शर्यतीची गाडी झाली नाही, आणि तसे कोणाला हवेही नव्हते. पण ती सकाळी पहिल्या हाकेला उठते, चारही सिलिंडर एका सुरात चालतात आणि देवासच्या वाटेवर सुकाणूच्या दांड्याजवळचा तो जुना गिअर तिसऱ्यातून दुसऱ्यात पूर्वीसारखा वारंवार टाकावा लागत नाही. वहिनी मागच्या बाजूला बसल्या होत्या. “गाडी यांच्या वेळेसारखी चालते आहे” एवढेच म्हणाल्या. नातवाला याहून मोठे प्रशस्तिपत्र नको होते.

गाडीच्या खणात त्याने एक कागद ठेवला आहे. कोणत्या मार्गातून किती धातू काढला, कोठे काढला नाही आणि का, हे त्यावर तारखेसह लिहिले आहे. शेवटी लाल शाईने एक ओळ आहे: यापुढे घासू नये. आमच्या मते त्या सगळ्या कामातली ही सर्वांत उत्तम कारागिरी. उद्या ज्याच्या हातात हे हेड जाईल, त्याला थांबायचे कोठे हे आधीच कळेल. आम्हांला १९८६ साली असा कागद मिळाला नव्हता. आणि खरे सांगायचे, तर मिळाला असता तरी आम्ही तो त्या वेळी वाचला असता, असे वाटत नाही.